नवशिक्या स्कीपटूचे संरक्षक कपडे

कावेरीच्या काठी कुंभकोणम येथे अथवा कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला बर्फाचा अनुभव सहसा नसतो. गुलमर्ग किंवा औली येथे स्की शिकण्यास निघताना त्याला चिंता असते ती थंडीची. तो लोकरीचे कपडे, हातमोजे, कानटोपी जमवितो. प्रत्यक्ष उतारावर गेल्यावर मात्र त्याला कळते की, आपल्याला वारंवार पडावे लागणार आहे. ऊब देणारा जाड कपडा अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही. त्यात कोंडलेली हवा दाबाखाली तत्काळ निघून जाते आणि आघात हाडापर्यंत पोहोचतो.

ताजा बर्फ भुसभुशीत असतो हे खरे. परंतु शिकाऊ उतारावरील बर्फ अनेकांच्या वावराने दाबला जातो, रात्री गोठतो आणि सकाळी फरशीसारखा कठीण होतो. आखाड्यात कुस्तीपूर्वी माती उकरून मऊ करतात. उतारावर ते शक्य नसल्याने तो मऊपणा खेळाडूला स्वतःच्या अंगावर बाळगावा लागतो.

यामागील तत्त्व सोपे आहे. समजा, एखादी वस्तू एक मीटर उंचीवरून पडून अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरात थांबली. तिच्यावरील सरासरी बल तिच्या वजनाच्या सुमारे 200 पट होईल. मधल्या अस्तरामुळे हेच अंतर दोन सेंटिमीटर झाले, तर ते सुमारे 50 पटींवर येईल. याकरिता अस्तर फार मऊ असून चालत नाही, कारण ते पूर्णपणे दबून जाते. फार कठीण असल्यास ते आघात तसाच पुढे पोहोचविते. म्हणून पाणी न शोषणारा दाट फोम वापरतात. काही आधुनिक पदार्थ सावकाश हालचालीत लवचीक राहतात आणि आघात होताच घट्ट होतात.

स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात. फळीची कड बर्फात रुतली की माणूस पुढे हातांवर किंवा मागे माकडहाडावर आपटतो. म्हणून अस्तरदार चड्डी, गुडघ्यांची आवरणे आणि मनगटाला आधार देणारे पट्टे नवशिक्याला विशेष आवश्यक असतात. स्कीवर गुडघा पिरगळण्याचा धोका अधिक असतो. त्यावर अस्तराचा उपाय चालत नाही. तेथे पडताच बुटापासून स्की सुटावी अशी पकड जाणकाराकडून वजनानुसार जुळवून घ्यावी लागते.

डोक्याच्या बाबतीत हयगय प्राणघातक ठरू शकते. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च 2009 मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात शिकाऊ उतारावर पडल्या. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. प्रारंभी त्या ठीक वाटत होत्या. परंतु कवटीच्या आत रक्तस्राव होऊन दोनच दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. शिरस्त्राणाने मेंदूला बसणारा प्रत्येक हादरा टळतो असे नाही. म्हणून डोक्याला मार लागल्यानंतर डोकेदुखी, उलटी किंवा गुंगी आल्यास विनाविलंब वैद्यकीय मदत घेणे अगत्याचे आहे. तसेच जबर आघात झालेले शिरस्त्राण, वरून धड दिसले तरी, पुन्हा वापरू नये.

संरक्षक कपडे अंगाला नीट बसणारे असावेत; पडताना जागेवरून सरकणारे अस्तर निरुपयोगी होय. ते घातले म्हणून अवघड उतारावर जाण्याचे धाडसही करू नये. थांबावे कसे आणि पडावे कसे, हे सौम्य उतारावरच शिकावे लागते.