टोकदार गिटारची निवड

आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची विजेची गिटार मागितली आणि घरात दोन तट पडले. आजोबा म्हणाले, "हे वाद्य की बैलाची शिंगे?" मुलगा म्हणाला, घ्यायची तर हीच. महिन्याच्या पगाराएवढा खर्च होता, म्हणून स्नेही आमच्याकडे सल्ल्यास आले. आकार हा केवळ देखावा आहे काय, एवढेच त्यांना हवे होते. उत्तर मात्र एका वाक्यात देता येईना.

आपल्या जिल्ह्यात पंढरपूरच्या बाजूस तंबोऱ्याचे भोपळे पिकतात व ते मिरजेच्या कारागिरांकडे जातात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची तार छेडली की तिचे कंपन घोडीवाटे तबलीत उतरते आणि आतल्या पोकळीत घुमते. भोपळ्याचा घेर बदलला की नाद बदलतो. तेथे आकार हाच आवाज होय.

भरीव गिटारीत पोकळी नाहीच. तारांखाली चुंबक असतात व त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पूर्व भागात कांडी भरताना ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे वेटोळे डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. चुंबकापुढे पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक तो वाढवून कर्ण्यातून ऐकवतो. नायलॉनची तार लावाल तर हे चुंबक मुकेच राहतील! तेव्हा लाकूड तारा ताणून धरण्यापुरते. सुताराने ते कसेही कापले तरी आवाजात फारसा फरक पडत नाही.

नेमकी हीच मोकळीक घेऊन अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९५८ साली 'फ्लाइंग व्ही' बाजारात आणली. आफ्रिकेतील लिंबा नावाच्या फिकट लाकडाची ती होती. लोकांनी नाके मुरडली. पहिल्या दोन वर्षांत जेमतेम शंभर गिटारी कारखान्याबाहेर पडल्या. पुढे १९६७ साली ती पुन्हा निघाली व तेव्हा मात्र तरुणांनी उचलून धरली. अल्बर्ट किंग हा डावखुरा वादक उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरून वाजवी. दोन्ही पंख सारखे असल्यामुळे ही त्याला उलटीही बेढब दिसली नाही.

पण आवाजाला आकार लागत नाही, तरी मांडीला लागतो. नेहमीच्या गिटारीस मांडीवर टेकण्यासाठी कंबर असते. हिला ती नाही. साधेपणाने मांडीवर ठेवाल तर ती घसरते. म्हणूनच पहिल्या गिटारींच्या कडेस रबराची पट्टी लावलेली होती. हिला बसवण्याची रीत निराळी आहे. उजवी मांडी दोन पंखांच्या बेचक्यात घ्यावी आणि मान वर उचललेली ठेवावी. काहींना ही बैठक फार मानवते. काहींचे खांदे पंधरा मिनिटांत भरून येतात. म्हणून दुकानात उभ्याने आरशात पाहू नये. खुर्ची मागावी व अर्धा तास बसून वाजवावे. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा.

मग पट्टा खांद्यास लावून दोन्ही हात सोडावेत. मान जमिनीकडे झुकू लागली तर डाव्या हातास बोटे चालवण्याऐवजी ओझे सांभाळण्याचेच काम पडेल. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि तेथेच तारेला हलका स्पर्श करून काढलेला स्वर एक यावेत. किंचित फरक घोडीवर दुरुस्त होतो. वाकलेली मान ही मोठी खोड. वरचे पडदे मात्र या आकारात हाताशी सहज येतात, कारण मान धडाच्या बरीच बाहेर असते. हा तिचा खरा गुण.

आपल्या गावाच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी होते, लाकूड आकसते आणि पडद्यांची धातूची टोके बोटांना टोचू लागतात. पत्र्याच्या माळ्यावर वा बंद मोटारीत ही ठेवू नये. शिवाय नेहमीच्या पिशवीत ती मावत नाही, पंखांची टोके दारावर आपटून टवके उडतात. तिच्या मापाची पेटी व लहान ध्वनिवर्धक यांचे पैसे आधीच बाजूस काढावेत. नाहीतर घरी नुसती किणकिण ऐकत बसावे लागेल.

चिरंजीव दुकानात खुर्चीवर बसले. पहिली गिटार मानेकडे कलली, ती त्यांनी आपणहून परत दिली. दुसरी घेतली, तीही व्हीच! आजोबांनी भिंतीत खुंटी ठोकून दिली आहे; शिंगे म्हणणे मात्र सोडलेले नाही.