शिकवणीचा बाजार आणि जुळणीचे गणित

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना साधारण चाळीस किलोमीटरवर शिक्रापूर लागते. चाकणकडून येणारा रस्ता इथेच मिळतो. सणसवाडी आणि रांजणगावच्या कारखान्यांमुळे या पट्ट्यात राज्यातून आणि राज्याबाहेरूनही कुटुंबे येऊन राहिली आहेत. अशा कुटुंबातील मुलीला नववीत गणित अवघड जाऊ लागले, तर शिकवणी कोणाकडे लावायची? पूर्वी याचे उत्तर शेजारी, किराणा दुकानदार किंवा चौकातला फलक देत असे. नव्याने आलेल्या कुटुंबाला तेही मिळणे कठीण. आता ही माहिती मोबाइलवर मिळते. अर्बनप्रो, सुपरप्रोफ यांसारख्या संकेतस्थळांवर विषय, इयत्ता आणि गाव टाकले की शिक्षकांची यादी समोर येते. प्रत्येक नावापुढे फी, अनुभव आणि पिवळ्या चांदण्या.

केंद्र सरकारच्या २०२५ सालच्या शिक्षणविषयक पाहणीत देशातील सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे आढळले. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के, तर ग्रामीण भागात २५.५ टक्के होते. म्हणजे खेड्यातही चारांपैकी एक मूल. इतके पालक ज्या बाजारात पैसे खर्च करतात, तो कसा चालतो हे समजून घेणे शिक्षकांच्या दृष्टीने उपयोगाचे आहे. त्यामागे गणिताच्या काही सुंदर कल्पनाही आहेत.

बाजार, पण वेगळा

भाजीबाजारात पैसे दिले की भाजी मिळते. भाजीला गिऱ्हाईक आवडण्याचा प्रश्न येत नाही. शिकवणीचे तसे नाही. विद्यार्थी शिक्षक निवडतो, पण शिक्षकालाही विद्यार्थी निवडायचा असतो. वेळ जुळते का, इयत्ता कोणती, घरी जावे लागेल का, असे त्याचेही प्रश्न असतात. दोन्ही बाजूंना पसंती असलेल्या अशा बाजारात किमतीपेक्षा जुळणी महत्त्वाची ठरते.

समजा, आशा, बाळू आणि चित्रा या तिघांना शिकवणी हवी आहे. प, फ आणि भ असे तीन शिक्षक आहेत आणि प्रत्येकाकडे एकच वेळ मोकळी आहे. त्यांच्या पसंतीचे क्रम असे:

आशा: प, फ, भ
बाळू: प, भ, फ
चित्रा: फ, प, भ

शिक्षक प: बाळू, चित्रा, आशा
शिक्षक फ: आशा, चित्रा, बाळू
शिक्षक भ: आशा, बाळू, चित्रा

आधी 'जो पहिला येईल त्याला' हा नियम लावून पाहू. आशाने पहिला फोन केला आणि तिला 'प' मिळाले. बाळूला 'प' हवे होते, पण जागा भरलेली, म्हणून तो 'भ'कडे गेला. चित्राला 'फ' मिळाले. वरवर सगळे ठीक आहे. पण बाळूला 'भ'पेक्षा 'प' अधिक पसंत आहेत, आणि 'प'नाही आशापेक्षा बाळू अधिक पसंत आहे. उद्या दोघांची गाठ पडली की 'प' आशाची शिकवणी सोडतील आणि बाळूला घेतील. सत्राच्या मध्यावर आशा शिक्षकाविना राहील. अशा जुळणीला गणितात 'अस्थिर' म्हणतात.

गेल आणि शॅप्ली यांची युक्ती

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ साली एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्यांनी स्थिर जुळणी नेहमीच शक्य असते हे सिद्ध केले आणि ती शोधण्याची रीतही दिली. रीत अशी: प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या पसंतीच्या शिक्षकाकडे अर्ज करावा. शिक्षकाने आलेल्यांपैकी सर्वांत पसंतीचा अर्ज फक्त 'राखून' ठेवावा, पक्का करू नये, आणि बाकीचे परत करावेत. ज्याचा अर्ज परत आला त्याने पुढच्या पसंतीकडे जावे. अधिक पसंतीचा अर्ज आला, तर शिक्षकाने राखलेला अर्ज सोडून द्यावा. कोणाचाच अर्ज परत येईनासा झाला की जुळणी पक्की.

आपल्या उदाहरणात ही रीत लावू. पहिल्या फेरीत आशा आणि बाळू दोघेही 'प'कडे जातात, चित्रा 'फ'कडे. 'प' बाळूला राखतात, आशाला परत पाठवतात. दुसऱ्या फेरीत आशा 'फ'कडे जाते. 'फ'ना चित्रापेक्षा आशा पसंत असल्याने चित्राचा अर्ज परत येतो. तिसऱ्या फेरीत चित्रा 'प'कडे जाते, पण तिथे बाळू आहे आणि तो 'प'ना अधिक पसंत आहे. चौथ्या फेरीत ती 'भ'कडे जाते. शेवटी बाळू–प, आशा–फ, चित्रा–भ अशी जुळणी होते. चित्राला तिसरी पसंती मिळाली, हे खरे. पण आता कोणतीही विद्यार्थी-शिक्षक जोडी अशी उरत नाही, की जिला आपापले जोडीदार सोडून एकत्र येण्यात दोघांचाही फायदा आहे.

हा खेळ वर्गात चिठ्ठ्या वापरून सहज करता येतो. पाच-पाच मुलांचे दोन गट करा, पसंतीक्रम लिहून घ्या आणि अर्ज करणारी बाजू बदलून पाहा. वरच्या उदाहरणात बाजू बदलली तरी उत्तर तेच येते. पण नेहमी तसे होत नाही. एकाहून अधिक स्थिर जुळण्या शक्य असतील, तर अर्ज करणाऱ्या बाजूला त्यांतील सर्वांत चांगली जुळणी मिळते. याचा अर्थ नियम कोणी केला आणि पुढाकार कोणाकडे दिला, याला महत्त्व आहे.

आयआयटी आणि एनआयटी यांचे एकत्रित प्रवेश २०१५ पासून याच कल्पनेवर आधारलेल्या पद्धतीने होतात. शॅप्ली आणि अॅल्विन रॉथ यांना २०१२ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच विषयातील कामासाठी. राज्यात २०२५-२६ पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश सर्वत्र लागू झाले. त्यामुळे पसंतीक्रम भरण्याचा अनुभव आता शिक्रापूरच्या मुलांनाही येतो.

शिकवणीची संकेतस्थळे मात्र अशी जुळणी करत नाहीत. ती यादी दाखवतात आणि पुढचे दोघांवर सोडतात. त्यांचे उत्पन्न दलालीतून, पालकाच्या वर्गणीतून किंवा चौकशी मिळवण्यासाठी शिक्षकाने भरलेल्या पैशांतून येते. शिक्षक पैसे भरत असेल, तर यादीत वरचा क्रमांक गुणवत्तेमुळे आहे की भरलेल्या पैशांमुळे, हे पालकाने विचारायला हवे.

चांदण्यांचे गणित

शिक्षक चांगला आहे की नाही, हे शिकवणी लावण्याआधी कळत नाही. स्वतः शिक्षकाला आपल्याबद्दल पालकापेक्षा अधिक माहिती असते. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की अशा विषम माहितीमुळे चांगला माल बाजारातून बाहेर पडू शकतो. गिऱ्हाईक सरासरी दर्जाची किंमत देऊ करते आणि तेवढ्यात चांगल्या मालाच्या मालकाला परवडत नाही. चांदण्यांचा उपाय यावरच आहे. पण त्या वाचायच्या कशा?

समजा, एका शिक्षिकेबद्दल तीन पालकांनी मत दिले आणि तिघेही समाधानी आहेत. दुसरीबद्दल चाळिसांनी मत दिले आणि त्यांतील ३७ समाधानी आहेत. पहिलीचे प्रमाण शंभर टक्के, दुसरीचे साडेब्याण्णव. मग पहिली अधिक चांगली का? फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांचा एक जुना नियम इथे कामी येतो. समाधानी मतांत १ मिळवा, एकूण मतांत २ मिळवा आणि मग भागाकार करा. पहिलीसाठी ४ भागिले ५, म्हणजे ०.८०. दुसरीसाठी ३८ भागिले ४२, म्हणजे सुमारे ०.९०. थोड्या मतांवर थोडाच विश्वास ठेवावा, हे व्यवहारज्ञान या नियमात आकड्यांत मांडलेले आहे. मात्र मते देणारे पालक मुळात निवडक असतात. शिकवणी मध्येच सोडणारे बहुधा काहीही न लिहिता निघून जातात. ही उणीव कोणत्याही सूत्राने भरून निघत नाही.

गुण वाढले, पण कशामुळे?

यापेक्षा फसवी गोष्ट आणखी एक आहे. ती वर्गात करून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन फासे टाकावेत आणि बेरीज लिहावी. ही झाली पहिली चाचणी. ज्यांची बेरीज ४ किंवा त्याहून कमी आली, ते 'कच्चे'. या मुलांना बाजूला घेऊन पाच मिनिटे फासे टाकण्याची 'शिकवणी' द्या आणि पुन्हा फासे टाकायला सांगा. पहिल्या वेळी या गटाची सरासरी साधारण ३.३ असते. दुसऱ्या वेळी ती ७ च्या आसपास जाते. शिकवणीने गुण दुप्पट झाले!

अर्थात फाशांना काहीच शिकवता येत नाही. खूप कमी पडलेले फासे दुसऱ्या वेळी सरासरीकडे परततात, एवढेच. परीक्षेचे गुण केवळ नशिबावर नसतात, पण त्यांत नशिबाचा वाटा असतो. त्या दिवशी ताप होता, नेमका न वाचलेला धडा आला. पालक बहुधा अशा वाईट चाचणीनंतरच शिकवणी लावतात. पुढच्या चाचणीत गुण वाढतात, त्यातील काही भाग आपोआप वाढलेला असतो. श्रेय मात्र सगळे शिकवणीला जाते आणि पाच चांदण्या दिल्या जातात.

म्हणून खरा परिणाम मोजायचा, तर शिकवणी न मिळालेल्या तशाच मुलांशी तुलना करावी लागते. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडले, की एकास एक शिकवणीमुळे मधला विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. हा आकडा फार गाजला, पण टिकला नाही. २०२० साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्याचा निष्कर्ष असा मांडता येतो: शंभर मुलांच्या रांगेत मध्यावर असलेले मूल सुमारे चौदा जणांच्या पुढे जाते. परिणाम खरा आहे आणि मोठाही आहे, पण चमत्कार नाही.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबई आणि वडोदऱ्याच्या 'बालसखी' प्रयोगाचे. 'प्रथम' या संस्थेने २००१ ते २००३ या काळात पालिका शाळांमध्ये वस्तीतल्याच तरुण मुली नेमल्या. त्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास मूलभूत वाचन आणि गणित शिकवत. प्रशिक्षण होते सुमारे दोन आठवड्यांचे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीत दुसऱ्या वर्षी या शाळांचे गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढलेले दिसले. शंभरांच्या रांगेत ही सुमारे अकरा जागांची झेप होते. सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. या मुलींकडे मोठ्या पदव्या नव्हत्या आणि चांदण्याही नव्हत्या. मूल जिथे अडले आहे तिथून त्या सुरुवात करत होत्या.

शाळेतील शिक्षकाचे काम

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. म्हणजे या बाजारात आपण विक्रेते नाही. म्हणूनच पालकाला निःपक्ष सल्ला देणारी व्यक्ती आपल्याखेरीज दुसरी कोणी नाही. मूल नेमके कुठे अडले आहे, अपूर्णांकात की समीकरणात, हे वर्गशिक्षकाला माहीत असते. संकेतस्थळाला ते माहीत नसते.

'कोणाकडे शिकवणी लावू?' असे विचारायला पालक आले, तर नाव सुचवण्याऐवजी चार गोष्टी सांगाव्यात. मुलाला काय येत नाही, हे एका कागदावर लिहून न्या. चांदण्यांची सरासरी पाहताना मते किती आहेत तेही पाहा. पूर्ण वर्षाची फी आगाऊ भरू नका, एक महिना पाहा. आणि महिन्याने एका चाचणीच्या गुणांवर जाऊ नका. कागदावर लिहिलेल्यांपैकी काय आता येते, ते मुलालाच करून दाखवायला सांगा.