लग्न जर्सी सिटीचं, कायदा मनातला पुण्याचा

जर्नल स्क्वेअरच्या पाथ स्टेशनातून बाहेर पडून न्यूअर्क ॲव्हेन्यूवर थोडं चाललं की इंडिया स्क्वेअर लागतो. साड्या, सोनं, मिठाई, पूजेचं सामान. घरात लग्न ठरलं की हडसन काउंटीतल्या मराठी कुटुंबांची एखादी फेरी इथं होतेच. या लग्नांवर ज्यांचा व्यवसाय चालतो त्या मंडळींत फोटोग्राफर, डेकोरेटर, केटरर, मेंदीवाल्या आणि डीजे असतात. आठवडाभर आयटीत नोकरी करून शनिवारी सूत्रसंचालन करणारे हौशी लोकही असतात.

या मंडळींचे कायद्याविषयीचे गैरसमज नुसत्या अज्ञानातून आलेले नाहीत. ते ज्या नियमांवर विसंबून असतात, त्यातले बरेचसे खरेच आहेत, फक्त भारतात. काही नियम नदीपलीकडच्या न्यूयॉर्कचे असतात. व्यवसाय मात्र न्यू जर्सीत चालतो.

"पैसे आम्ही दिले, म्हणजे फोटो आमचे"

पुण्यात हे म्हणणं कायद्याला धरून आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम सांगतं की एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. वेगळा करार केला असेल तरच हे बदलतं. अमेरिकेत याच्या नेमकं उलट आहे. फोटो काढणारा मालक, आणि नवरा-नवरीला करारात लिहिली असेल तेवढी वापरण्याची परवानगी. त्यामुळे लग्नानंतर सहा महिन्यांनी "सगळ्या मूळ फाइल द्या, त्या आमच्याच आहेत" असा वाद सुरू झाला, तर दोन्ही बाजू आपापल्या देशाच्या कायद्यानं बरोबर असतात.

पण यात खरा अडकतो तो व्यावसायिकच. मोठ्या लग्नाला तो दुसरा कॅमेरामन एका दिवसासाठी बोलावतो, संध्याकाळी पैसे देतो आणि फोटो आपले झाले असं धरून चालतो. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून काढलेले फोटो मालकाचे असतात. एका दिवसाच्या स्वतंत्र कॅमेरामनचे हक्क मात्र त्याच्याकडेच राहतात आणि त्याच्या सहीच्या लेखी कराराशिवाय ते हलत नाहीत. ज्या ग्राहकाला तुम्ही अख्खा अल्बम विकला, त्यातले निम्मे फोटो तुमचे नसतील.

कॉपीराइट आपला म्हणून नवरीचा फोटो खुशाल जाहिरातीत टाकायचा, हाही गैरसमजच. चेहऱ्यावरचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे, आणि न्यू जर्सीत ती फार जुनी आहे. १९०७ मध्ये इथल्या न्यायालयानं एका औषध कंपनीला तिच्या मालावर थॉमस एडिसनचं नाव आणि चित्र वापरायला मनाई केली. त्या वेदनाशामकाचा मूळ फॉर्म्युला खुद्द एडिसननंच तयार करून विकलेला होता, तरीही. म्हणून करारात जाहिरातीच्या संमतीची एक ओळ घ्या आणि तिच्याखाली वेगळी सही घ्या.

लिबर्टी स्टेट पार्कमध्ये मागे मॅनहॅटन घेऊन फोटो काढायचे, तर व्यावसायिक छायाचित्रणासाठी उद्यान खात्याची परवानगी लागते. ड्रोन तिथं चालत नाही. इतरत्रही पैसे घेऊन ड्रोन उडवणाऱ्याकडे फेडरल विमान वाहतूक खात्याचं प्रमाणपत्र हवं. दारू पिऊन ड्रोन उडवू नये असाही न्यू जर्सीत २०१८ पासून कायदा आहे. वरातीतल्या उत्साही भाच्याच्या हाती रिमोट देण्याआधी हे आठवावं.

"लग्नात गाणी वाजवायला परवानगी कशाला?"

हा समजही भारतातूनच आलेला. तिथल्या कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक विधींना सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर समारंभही धरले आहेत. पण हे चित्र तिथंही वाटतं तितकं सरळ नाही. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये या कलमाच्या आधारे काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं.

अमेरिकेच्या कायद्यात लग्नाचं नाव घेऊन दिलेली सूट नाही. प्रार्थनास्थळी किंवा धार्मिक सभेत उपासनेचा भाग म्हणून म्हटलेल्या गाण्यांना आहे. संध्याकाळच्या रिसेप्शनचं मोजमाप वेगळं असतं. जमलेले लोक कुटुंब आणि त्याच्या नेहमीच्या परिचयाच्या वर्तुळातले आहेत की बाहेरचे, हे तिथं पाहिलं जातं. घरगुती लग्न सहसा पहिल्या प्रकारात बसतं. शिवाय बऱ्याच हॉटेलांनी आणि हॉलांनी ॲस्कॅप, बीएमआय यांसारख्या संगीत-हक्क संस्थांचे परवाने घेतलेले असतात. पण तोच डीजे, तोच हॉल आणि पुढच्या शनिवारी तिकीट लावून दांडिया, म्हणजे तो सार्वजनिक कार्यक्रम झाला. तेव्हा परवाना कुणाच्या नावावर आहे ते हॉलच्या मॅनेजरला लेखी विचारा. "स्पॉटिफायचे पैसे भरतो की" हे उत्तर चालत नाही, कारण ते खातं खासगी वापरापुरतं असतं.

"मराठी गाण्यांना इथं कोण विचारतो?" असंही ऐकू येतं. भारत आणि अमेरिका दोघेही कॉपीराइटच्या बर्न करारात आहेत, त्यामुळे मुंबईत झालेल्या गाण्याला जर्सी सिटीतही संरक्षण मिळतं. लग्नाच्या फिल्मखाली अजय-अतुलचं गाणं लावून ती व्यवसायाच्या जाहिरातीसाठी यूट्यूबवर चढवली, तर ती कुटुंबाची आठवण राहत नाही. त्या वापराची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

"स्टॅम्प पेपर नाही, नोटरी नाही, म्हणजे करार नाही"

महाराष्ट्रात करार म्हटलं की ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर डोळ्यासमोर येतो. न्यू जर्सीत सेवेच्या साध्या कराराला तो लागत नाही, नोटरीही लागत नाही. तोंडी करारसुद्धा बंधनकारक ठरू शकतो, फक्त तो सिद्ध करताना दमछाक होते. ईमेल आणि मेसेज लेखी पुरावा म्हणून चालतात. व्हॉट्सॲपवर "हो काकू, मोगऱ्याचेच हार, नक्की" असं लिहिलंत, तर ते तुमचं वचन झालं. मग शेवंती आणली तर काकूंच्या हातात पुरावा आहे. जाहिरातीत एक दाखवून दुसरं देणं हे इथं नुसत्या करारभंगावर थांबत नाही. न्यू जर्सीच्या १९६० च्या ग्राहक फसवणूकविरोधी कायद्यात तिप्पट नुकसानभरपाई आणि वर ग्राहकाच्या वकिलाची फी अशी तरतूद आहे.

सगळ्यात जास्त भांडणं विसारावरून होतात. "परत मिळणार नाही" असं ठळक छापलं की विषय संपला, असं व्यावसायिकांना वाटतं. तो संपत नाही. १९९४ मध्ये वासरमन्स विरुद्ध मिडलटाउन टाउनशिप या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की करारात आधी ठरवलेली भरपाई वाजवी असेल तरच टिकते, आणि ती शिक्षेसारखी असेल तर टिकत नाही. लग्न दहा दिवसांवर असताना रद्द झालं आणि तुम्ही त्या तारखेची दुसरी ऑर्डर नाकारली होती, तर पूर्ण रक्कम ठेवण्याचं समर्थन होऊ शकतं. दहा महिने आधी रद्द झालं आणि तीच तारीख तुम्ही दुसऱ्याला विकली, तर अवघड आहे. म्हणून टप्पे लिहा: किती दिवस आधी रद्द केलं तर किती रक्कम राहील, आणि का. हे "का" वकिलाइतकंच ग्राहकालाही पटतं, असं माझं मत.

मार्च २०२० ने आणखी एक धडा दिला. २१ मार्चला गव्हर्नर फिल मर्फी यांच्या १०७ क्रमांकाच्या आदेशानं समारंभ बंद झाले. आवरता न येणाऱ्या संकटाचं कलम ज्यांच्या करारात नव्हतं, त्यांचं वर्ष भांडणात गेलं. असं कलम आता बहुतेकांकडे असतं, पण इंटरनेटवरून उतरवलेलं. सरकारी बंदी आली तर तारीख बदलायची की पैसे परत द्यायचे, हे त्यात नसेल तर ते कलम असून नसल्यासारखं.

उतरवलेल्या नमुन्यांचा दुसराही धोका आहे. १९८० च्या कायद्यानुसार न्यू जर्सीत ग्राहकाशी केलेला करार सोप्या भाषेत हवा. १९८१ च्या दुसऱ्या कायद्यानुसार ग्राहकाचे ठरलेले हक्क काढून घेणारी कलमं घातली, तर त्याची झळ बसलेल्या ग्राहकाला किमान १०० डॉलर द्यावे लागतात. "वाईट रिव्ह्यू लिहिल्यास दंड" हे कलम तर २०१६ च्या फेडरल कायद्यानं पूर्ण निरर्थक ठरवलं आहे. असेल तर आजच खोडा.

"एक दिवसाचं काम, रोख दिले, झालं"

हा समज सगळ्यात महाग पडतो. वाढपी, सामान उचलणारी मुलं, स्टेज लावणारे यांना १०९९ फॉर्म दिला की ते स्वतंत्र कंत्राटदार झाले, असं मानलं जातं. न्यू जर्सीत फॉर्मवरून काही ठरत नाही. माणूस स्वतंत्र ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: त्याच्या कामावर तुमचं नियंत्रण नको, काम तुमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं किंवा तुमच्या जागेबाहेरचं हवं, आणि त्याचा स्वतःचा चालू व्यवसाय हवा. केटररच्या वाढप्याला हे तिन्ही क्वचितच जमतात. याच कसोटीवर वेतनाचे दावेही तपासायचे, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये स्लीपीज या गाद्यांच्या कंपनीच्या खटल्यात नक्की केलं. २०२० पासून चुकीच्या वर्गीकरणाला पहिल्या वेळी प्रत्येक कामगारामागे २५० डॉलरपर्यंत आणि पुढे १,००० डॉलरपर्यंत दंड आहे. एक नोकर असला तरी अपघात विमा सक्तीचा आहे. पगारी आजारी रजेच्या बाबतीत तर जर्सी सिटी राज्यात पहिली होती. २०१३ मध्येच शहरानं तसा वटहुकूम केला, आणि राज्याचा कायदा २०१८ मध्ये आला.

माणूस खरोखर स्वतंत्र असेल, तरीही करार लेखी ठेवा. पैसे कधी द्यायचे, ती तारीख त्यात लिहा. न्यूयॉर्क राज्यात ८०० डॉलर किंवा जास्त रकमेच्या कामासाठी लेखी करार सक्तीचा आहे, पण नदीपलीकडचा नियम इथं लावू नका.

यातला नाजूक भाग व्हिसाचा. रांगोळी, मेंदी, रुखवत मांडणं ही कामं बऱ्याचदा एच-४ व्हिसावर आलेल्या मैत्रिणी करतात. २०१५ पासून यातल्या काहींना कामाचा परवाना मिळू शकतो, सगळ्यांना नाही. परवाना नसताना पैसे घेतले, तर पुढचं ग्रीन कार्ड धोक्यात येतं ते तिचं. आणि ओळखपत्रं तपासून आय-९ फॉर्म न भरल्याचा दंड नोकरी देणाऱ्या तुम्हाला. "हौसेखातर केलं, पैसे नाही, पैठणी दिली" ही पळवाट नव्हे. ज्या कामाचे बाजारात पैसे मिळतात त्याचा मोबदला वस्तूत दिला तरी तो मोबदलाच.

"दारू आम्ही विकली नाही, पाहुण्यांनी आणली"

दारूचा परवाना नसलेल्या रेस्टॉरंटात गिऱ्हाइकानं स्वतःची वाइन किंवा बिअर आणणं न्यू जर्सीत चालतं, पालिकेनं मनाई केली नसेल तर. व्हिस्की चालत नाही, आणि ग्लास-बर्फाच्या नावाखाली वेगळे पैसेही घेता येत नाहीत. परवाना नसलेला केटरर दारू विकू शकत नाही. जबाबदारीचं म्हणाल, तर केली विरुद्ध ग्विनेल या १९८४ च्या निकालात इथल्या सर्वोच्च न्यायालयानं घरच्या यजमानालाही जबाबदार धरलं. त्यानं पाहुण्याला पाजलं होतं, आणि त्या पाहुण्यानं पुढे गाडी ठोकली. १९८७ च्या कायद्यांनी ही जबाबदारी मर्यादित केली, काढून टाकली नाही.

करांचं आणि बाकीचं थोडक्यात

न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के. पैठणीवर तो नाही, कारण कपड्यांना सूट आहे. तिच्यावरच्या ठुशीवर आहे, आणि केटररच्या पंगतीवर तर आहेच. जर्सी सिटीतली काही नोंदणीकृत दुकानं निम्मा कर आकारतात, ते शहरातल्या विशेष उद्योग क्षेत्राच्या सवलतीमुळे. ती सवलत तयार जेवणाला आणि सेवांना लागू नाही. आणि "एलएलसी आहे, घरापर्यंत कोणी येणार नाही" हेही अर्धंच खरं. गोळा केलेला विक्रीकर सरकारचा असतो. तो भरला नाही, तर जबाबदार व्यक्तीकडून वैयक्तिक वसुली होते.

घरी केलेले लाडू विकायला ऑक्टोबर २०२१ पासून परवाना मिळतो. तोवर असं न करू देणारं हे देशातलं शेवटचं राज्य होतं. मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर, थेट ग्राहकालाच, आणि थंड ठेवावा लागणारा पदार्थ नको. म्हणजे श्रीखंड गेलं.

गिऱ्हाईक कोण घ्यायचं, हा पूर्णपणे आपला प्रश्न नाही. समलिंगी जोडप्याला हॉल किंवा जेवण नाकारलं, तर राज्याचा १९४५ चा भेदभावविरोधी कायदा आड येतो. समलिंगी लग्नांच्या वेबसाइट बनवायला तयार नसलेल्या डिझायनरच्या बाजूनं लागलेला २०२३ चा फेडरल निकाल स्वतःच्या अभिव्यक्तीपुरता आहे, खुर्च्या भाड्यानं देण्यापुरता नाही.

पैसे अडकलेच तर ५,००० डॉलरपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या विभागात आणि २०,००० पर्यंतचा स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये करता येतो. सेवेच्या करारभंगासाठी मुदत सहा वर्षांची आहे. पण तिथवर जाण्याआधी, पुढचा सीझन लागायच्या आत, न्यू जर्सीत सनद असलेल्या वकिलाकडून आपला करारनामा एकदा वाचून घ्या. पुण्यातल्या मामेभावाकडून नको, तो कितीही नावाजलेला वकील असला तरी.