टेबले बाहेर, भटारखाना आत

५ ऑक्टोबर २०२० रोजी महाराष्ट्रातील हॉटेले, उपाहारगृहे आणि बार निम्म्या क्षमतेने पुन्हा सुरू झाले. आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात एकाआड एक टेबलावर फुली मारलेली होती. दाराशी एक मुलगा कपाळासमोर तापमापक धरायचा आणि तळहातावर सॅनिटायझरचे दोन थेंब टाकायचा. आत वातानुकूलित दालन नेहमीसारखेच बंद, काचा लावलेल्या. बाहेर पायरीलगत, पावसाळी ताडपत्रीखाली दोन बाके होती. त्यांवर पार्सलची वाट पाहणारे बसत. मालकांनी मला मोठ्या अगत्याने सांगितले, "आत बसा, बाहेर धूळ आहे. आत सगळं सॅनिटाइज केलंय." मी आत बसलो. घरी आल्यावर मात्र मनात प्रश्न राहिला, की त्या दिवशी सुरक्षित जागा नेमकी कोणती होती? फुली मारलेल्या टेबलाशेजारची, की धुळीतल्या बाकावरची?

या एका प्रश्नामागे मी पुढे काही वर्षे कात्रणे, अहवाल आणि शोधनिबंध गोळा करत राहिलो. मी डॉक्टर नाही, की हवेचा शास्त्रज्ञही नाही. पण या काळात जगातल्या अनेक शहरांनी टेबले रस्त्यावर मांडली, आणि त्या प्रयोगातून हाती आलेले उत्तर सामान्य माणसाला समजण्याजोगे आहे. ते येथे मांडतो.

फोडणीचा ठसका

साथीच्या सुरुवातीला आपल्याला शिकवले गेले ते थेंबांविषयी. खोकताना, शिंकताना थेंब उडतात आणि वजनाने लवकरच खाली पडतात. म्हणून सहा फूट अंतर ठेवा, हात धुवा, टेबल पुसा. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० च्या अखेरीस हा विषाणू हवेतून पसरत नाही असे ठामपणे जाहीर केले होते. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या पुढाकाराने २३९ शास्त्रज्ञांनी या भूमिकेचा फेरविचार करण्याचे जाहीर आवाहन केले. श्वासावाटे, बोलण्यावाटे अतिसूक्ष्म कणही बाहेर पडतात. ते खाली पडत नाहीत, हवेत तरंगत राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. संघटनेच्या भाषेत हे नीट उतरायला आणखी बराच काळ जावा लागला.

दोन कल्पनांतला फरक घरातल्या अनुभवावरून कळतो. कढईतून तेल उडाले तर ओट्याशी उभ्या असलेल्यालाच चटका बसतो. दोन पावले मागे सरकले की काम भागते. हे थेंबांचे झाले. पण तेलात लाल मिरची पडली, की ठसका लागतो तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्यालाही. तिथे सहा फुटांचा उपयोग नसतो. खिडकी उघडावी लागते. तीच फोडणी अंगणातल्या चुलीवर दिली, तर शेजारी बसलेल्यालाही फारसे जाणवत नाही. मिरची तेवढीच असते, पण हवा वाहती असते. बाहेर बसून जेवण्यामागचे सारे शास्त्र एवढेच आहे. त्यात अपवाद एकच: अगदी तोंडासमोर तोंड करून तासभर गप्पा मारल्या, तर मोकळ्या मैदानातही एकाचा श्वास दुसऱ्यापर्यंत पोहोचतोच.

ग्वांगझौचे जेवण

या बाबतीत सर्वाधिक अभ्यासले गेलेले जेवण चीनमधल्या ग्वांगझौ शहरात २४ जानेवारी २०२० रोजी, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी झाले. वुहानहून आदल्याच दिवशी आलेले एक कुटुंब एका उपाहारगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर दुपारी जेवायला बसले. त्यांतील एकीला त्याच दिवशी ताप आणि खोकला सुरू झाला. त्या मजल्यावर ८३ ग्राहक जेवले. नंतरच्या दिवसांत त्यांपैकी १० जण बाधित निघाले, आणि ते सगळे शेजारशेजारच्या तीन टेबलांवरचे होते. ही टेबले एकमेकांपासून सुमारे एक मीटरवर होती. एका शेजारी कुटुंबाचा सहवास ५३ मिनिटांचा, दुसऱ्याचा ७३ मिनिटांचा. इतर टेबलांवरचे कोणीही, आणि वाढपीही, बाधित झाले नाहीत.

पहिल्या अभ्यासाने बोट दाखवले ते वातानुकूलन यंत्राकडे. यंत्राच्या झोताने थेंब पुढे नेले, असा तो निष्कर्ष होता. नंतर हाँगकाँग विद्यापीठाचे युगुओ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जागेचीच पुन्हा तपासणी केली. हवेत सहज मोजता येईल असा वायू सोडून तो किती वेळात विरतो, हे त्यांनी पाहिले. हवा बाहेर ओढणारे पंखे जेवणाच्या वेळी बंद होते. खिडक्या नव्हत्या. बाहेरची ताजी हवा येत होती ती माणशी सेकंदाला एक लिटरपेक्षाही कमी. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे २०२१ मध्ये अशा जागांसाठी सुचवलेले प्रमाण होते माणशी सेकंदाला १० लिटर. म्हणजे त्या तीन टेबलांभोवती तीच ती हवा फिरत राहिली होती.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो आपल्याकडे सार्वत्रिक आहे. भिंतीवरचे साधे स्प्लिट यंत्र बाहेरची हवा आत आणत नाही. ते खोलीतलीच हवा ओढते, थंड करते आणि पुन्हा खोलीत सोडते. हवा गार लागते म्हणून ती ताजी वाटते, एवढेच.

याउलट बाहेरचे चित्र पाहू. चीनमधील संशोधकांनी २०२० च्या आरंभीच्या काळातील, तीन किंवा अधिक रुग्ण असलेले ३१८ उद्रेक तपासले; ते सारे बंदिस्त जागांतले होते. मोकळ्या जागेतला संसर्ग त्यांना एकच सापडला, तोही दोन रुग्णांचा. जपानमधल्या एका सुरुवातीच्या अभ्यासात बंदिस्त जागेतून संसर्ग पुढे जाण्याची शक्यता मोकळ्या जागेच्या मानाने १८.७ पट दिसली. या आकड्यांना मर्यादा आहेत. ते दिवस थंडीचे होते, लोक घरांत होते, आणि बाहेर झालेला संसर्ग शोधून काढणेही अवघड असते. पण दिशा मात्र सर्वत्र एकच होती.

रस्त्यावर मांडलेली टेबले

विज्ञानाचा वाद चालू असतानाच शहरांना निर्णय घ्यावे लागले. लिथुआनियाची राजधानी विल्नियस हे जुने शहर. गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन मीटर अंतर राखून टेबले मांडायला जागाच नाही. एप्रिल २०२० च्या अखेरीस महापौर रेमिगियुस शिमाशियुस यांनी कॅथेड्रलसमोरच्या मोठ्या चौकासह १८ सार्वजनिक जागा उपाहारगृहांना मोफत वापरायला दिल्या.

सर्वांत मोठा प्रयोग न्यूयॉर्कचा. तेथील उपाहारगृहांतील बैठक १६ मार्च २०२० पासून बंद होती. २२ जूनला बाहेर बसून खाण्याची परवानगी मिळाली. साथीपूर्वी तेथे पदपथावर टेबल मांडायचे तर परवाना महागडा होता आणि तो मिळायला महिनोन्‌महिने लागत. असे परवानाधारक साऱ्या शहरात दीड हजारही नव्हते. आता मालकाने अर्ज भरून नियम पाळत असल्याचे स्वतःच लिहून द्यायचे, शुल्क नाही, आणि पदपथाबरोबर मोटारी उभ्या करण्याची जागाही वापरायची. रस्त्याच्या बाजूला १८ इंच रुंदीचे, मातीने किंवा वाळूने भरलेले कठडे हवेत, म्हणजे वाहन आले तरी जेवणारा वाचेल. बघता बघता १० हजारांहून अधिक उपाहारगृहे या योजनेत आली. आतली बैठक ३० सप्टेंबरला सुरू झाली, तीही केवळ २५ टक्के क्षमतेने.

या मोकळ्या टेबलांवर कित्येकांचे संसार तरले. तक्रारीही झाल्या: पदपथ अडले, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला वाट उरली नाही, उंदीर वाढले, रात्री उशिरापर्यंत कल्लोळ. २०२३ मध्ये शहराने कायमचा कायदा केला, त्यात रस्त्यावरची टेबले एप्रिल ते नोव्हेंबर एवढ्यापुरतीच राहिली.

"बाहेर" म्हणजे काय?

खरी परीक्षा हिवाळ्याने घेतली. थंडी पडू लागली तसे छप्पर आले, मग एक भिंत, मग दुसरी, मग प्लॅस्टिकचा पडदा. रस्त्यावर उभी असलेली, चारही बाजूंनी बंद लाकडी खोली ही "बाहेर" कशी म्हणायची? न्यूयॉर्कच्या नियमाने याचे उत्तर दिले होते: बाजूंचा किमान निम्मा भाग उघडा असेल तरच ती जागा बाहेरची, पूर्ण बंद केली तर तिला आतल्या बैठकीचेच नियम. सगळ्यांनी ते पाळले असे नाही. पण नियमामागची समज योग्य होती. जागा दाराच्या कोणत्या बाजूला आहे, यापेक्षा तिथली हवा बदलते का, हे महत्त्वाचे.

ही समज सर्वत्र नव्हती. लॉस एंजेलिस परगण्याने २५ नोव्हेंबर २०२० पासून बाहेरची बैठकही बंद केली. डिसेंबरमध्ये न्यायालयाने प्रशासनाला फटकारले, की बंदीचे फायदे-तोटे तोलून पाहिलेलेच नाहीत. बंदीसाठी ज्या अभ्यासाचा आधार घेतला जाई, तो अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केला होता: बाधितांनी आधीच्या दोन आठवड्यांत उपाहारगृहात जेवल्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट. पण प्रश्नावलीत "आत बसलात की बाहेर?" हे विचारलेलेच नव्हते. एक प्रश्न कमी विचारला, आणि त्याची किंमत हजारो हॉटेलवाल्यांनी मोजली.

इंग्लंडने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने सोमवार ते बुधवार हॉटेलात बसून खाणाऱ्याचे निम्मे बिल, माणशी १० पौंडांपर्यंत, स्वतः भरले. सवलत बसून खाण्याला होती, पार्सलला नव्हती. आणि आत-बाहेर असा भेद नव्हता. वॉरिक विद्यापीठाच्या थिएमो फेट्झर यांच्या अंदाजानुसार त्या काळातील नव्या संसर्ग-समूहांपैकी ८ ते १७ टक्के या योजनेशी जोडता येतात. पुढच्या वर्षी सरकार शहाणे झाले: १२ एप्रिल २०२१ पासून फक्त बाहेर, आणि आतली बैठक १७ मेपासून. लोक कुडकुडत, ब्लँकेट पांघरून बसले, पण बसले.

आत राहिलेले

आतापर्यंतची सारी चर्चा जेवणाऱ्याची झाली. टेबले बाहेर आली, पण भटारखाना आतच राहिला. जेवणारा तासाभराने उठून जातो; आचारी, भांडी घासणारा आणि पोळ्या लाटणारी बाई दहा-दहा तास त्याच हवेत असतात. आवाजावर मात करत ओरडून बोलावे लागते, उष्म्याने मुखपट्टी भिजते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी त्या राज्यातील १८ ते ६५ वयोगटातील मृत्यू व्यवसायनिहाय तपासले. साथीच्या पहिल्या वर्षात आचाऱ्यांमधील मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेले दिसले. सर्वाधिक वाढ झालेल्या व्यवसायांत त्यांची गणना झाली. हे सारे भटारखान्यामुळेच, असे म्हणता येणार नाही. दाटीवाटीची घरे, बिनपगारी रजा, आजारी असतानाही कामावर जाण्याची सक्ती ही कारणेही त्यात आहेत. पण बाहेरच्या टेबलाने ज्याचे संरक्षण केले तो ग्राहक होता, आणि ज्याच्या जिवावर ते टेबल चालले तो आत होता, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे

आपल्याकडचे नियम मी पुन्हा काढून वाचले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२० मध्ये उपाहारगृहांसाठी काढलेल्या सूचनांत वातानुकूलनाचे तापमान २४ ते ३० अंश ठेवावे, आणि शक्य तेवढी ताजी हवा आत घ्यावी, असे वाक्य आहे. म्हणजे मुद्दा कागदावर होता. पण "शक्य तेवढी" म्हणजे किती, ते मोजायचे कसे, हे त्या वाक्यात नव्हते. मोजता येत होती ती डोकी, म्हणून ५० टक्के हा आकडा दारावर लागला. बंद दालनात निम्मी माणसे बसली तर धोका कमी होतो, संपत नाही. कारण हवा तीच राहते.

गंमत अशी, की उंच छताची, दोन्ही बाजूंनी उघडी इराण्यांची कोपऱ्यावरची हॉटेले, ओसरीवरच्या खानावळी, झाडाखालच्या टपऱ्या ही आपलीच परंपरा. "वातानुकूलित दालनात दर वेगळे राहतील" ही पाटी लावून आपण काचा बंद केल्या आणि कोंदट हवेसाठी जादा पैसे मोजू लागलो.

पुढची साथ कधी येईल कोणास ठाऊक, पण तिची वाट न पाहता करण्याजोगे बरेच आहे. भटारखान्याचा धूर ओढणारा पंखा चालू आहे ना, दालनात बाहेरची हवा यायला वाट आहे ना, हे स्वच्छतेच्या तपासणीत पाहता येते. कार्बन वायू मोजणारे छोटे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. मोकळ्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास आकडा दाखवते, आणि बंद दालनात तो दीड-दोन हजारांवर गेला, तर आपण एकमेकांचा उच्छ्वास आत घेत आहोत असे समजावे.

नाक्यावरच्या त्या हॉटेलात मी आजही जातो. आता पायरीलगतच्या बाकावर बसतो. मालक हसतात आणि चहा तिथेच पाठवतात. पण चहा घेऊन येणारा पोऱ्या ज्या दारातून बाहेर येतो, त्या दारामागे अजून एकही खिडकी नाही.