ताकद देऊन मिळवलेली शुद्धता

जुन्या रेडिओत आवाज वाढवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे निर्वात नळीत, एक जन्मजात खोट असते. संदेश आत येतो त्या ग्रिडवरचा विद्युतदाब ज्या प्रमाणात बदलेल, त्याच प्रमाणात बाहेर पडणारा प्लेटचा प्रवाह बदलायला हवा. पण या दोघांचा आलेख काढला तर सरळ रेषा मिळत नाही, ती वाकते. या बाकामुळे आत गेलेल्या सुराबरोबर त्याच्या दुपटीची, तिपटीची कंपनं बाहेर पडतात. दोन सूर एकदम आत गेले तर त्यांच्या बेरजेची आणि वजाबाकीची कंपनंही तयार होतात. व्हॉल्व्ह रेडिओचा आवाज फार वाढवला की गाणं फाटतं, त्याचं हे एक मोठं कारण.

या दोषाने सर्वांत जास्त छळलं ते अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या टेलिफोनला. एकाच तारांच्या जोडीवरून, वेगवेगळ्या कंप्रतांवर, अनेक संभाषणं पाठवायची होती. वाटेत ठिकठिकाणी संदेश वाढवणारे व्हॉल्व्हचे अँप्लिफायर लागत आणि प्रत्येक अँप्लिफायर आपली थोडी विकृती, म्हणजे ही नको असलेली कंपनं, पुढे ढकलत असे. शेवटी एका संभाषणाचे तुकडे दुसऱ्या संभाषणात ऐकू येत.

हॅरल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनिअर 1921 साली न्यू यॉर्कमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रुजू झाला; हीच प्रयोगशाळा 1925 मध्ये बेल लॅब्ज झाली. व्हॉल्व्हच अधिक सरळ चालीचा करावा म्हणून त्या काळी बरेच प्रयत्न चालले होते. ब्लॅकने वेगळा विचार केला : व्हॉल्व्ह आहे तसाच राहू द्यावा, बाहेर आलेल्या आवाजातली विकृती काढून टाकावी. 1923 मध्ये त्याने बाहेर आलेला संदेश मूळ संदेशाइतका लहान करून त्यातून मूळ संदेश वजा केला. उरली ती निव्वळ विकृती. ती दुसऱ्या अँप्लिफायरने वाढवून मुख्य संदेशातून वजा केली. युक्ती चालली, पण दोन्ही अँप्लिफायर तंतोतंत जुळवून ठेवावे लागत. त्यासाठी तासातासाला कुणीतरी व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलॅमेंटचा प्रवाह नीट करत बसायला हवं होतं.

खरं उत्तर 2 ऑगस्ट 1927 रोजी सापडलं. कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर ब्लॅकने हातातल्या न्यू यॉर्क टाइम्सच्या पानावर आकृती आणि समीकरणं लिहिली. बाहेर आलेल्या संदेशाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, हे त्याचं सार. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा, अँप्लिफायर संदेश 1000 पट वाढवतो आणि बाहेर आलेल्या संदेशाचा शंभरावा भाग उलटा परत येतो. मग वाढ उरते सुमारे 91 पट. पण बाहेरचा आवाज तेवढाच ठेवला, तर विकृती 11 पटींनी घटते. व्हॉल्व्ह जुना होऊन मूळ वाढ 500 वर आली, तरी हाती 83 पट राहते. म्हणजे व्हॉल्व्ह निम्म्यावर आला, तरी घट जेमतेम 8 टक्के. गमावलेली वाढ आणखी एक व्हॉल्व्ह जोडून परत मिळवता येते; शुद्धता तशी मिळत नसे. त्याच वर्षी 29 डिसेंबरला ब्लॅकने विकृती एक लाखास एक या प्रमाणात घटवून दाखवली.

तरीही 1928 मध्ये मागितलेलं पेटंट हाती पडायला 1937 उजाडलं. असा अँप्लिफायर खरोखर चालेल का, ही शंका अगदीच निराधार नव्हती. वरच्या कंप्रतांवर परतणारा अंश उशिरा पोहोचतो, त्याचा उलटेपणा हरवतो आणि अँप्लिफायर आपणहून शिट्टी घालू लागतो. हे नेमकं कधी घडेल, याची कसोटी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीतल्या हॅरी नायक्विस्टने 1932 मध्ये दिली.

संगीतप्रेमींपर्यंत हे तत्त्व जोमाने पोहोचवलं ते इंजिनिअर डी. टी. एन. विल्यमसन यांनी. त्यांचा आराखडा 1947 मध्ये ब्रिटनच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आला. केटी66 व्हॉल्व्हची जोडी पुश-पुल पद्धतीने, म्हणजे एकमेकांच्या उलट चालेल अशी, जोडली होती, त्यामुळे दुपटीची कंपनं एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढत. वर आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही कवेत घेणारा 20 डेसिबलचा फीडबॅक. 15 वॅटला विकृती 0.1 टक्क्याच्या आत. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर मात्र अतिशय काळजीपूर्वक गुंडाळावा लागे, नाहीतर शिट्टी ठरलेलीच.

पुढे व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. त्यांचाही आलेख वाकडाच. म्हणून आजही ऑप-अँपचं (ऑपरेशनल अँप्लिफायरचं) सर्किट आखताना इंजिनिअर फेरीबोटीवरचा तोच हिशेब मांडतात. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा स्वतःच्या हाताने कागदावर सोडवून पाहावा.