पेशींची पार्सलं

होस्टेलवर पार्सल आलं की नाव वाचायच्या आधीच खोक्यावरून आपल्याला कळतं, हे कोणाच्या घरून आलंय. शरीरातल्या पेशीसुद्धा एकमेकींना अशीच पार्सलं पाठवतात. इंग्रजीत त्यांना ‘एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स’ म्हणतात. मी त्यांना साधं ‘पिशव्या’ म्हणते. त्यातल्या सगळ्यात लहान पिशव्या, म्हणजे एक्झोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या असतात. आपल्या लॅबमधल्या साध्या मायक्रोस्कोपखाली त्या दिसणारच नाहीत.

आधी हा पेशींचा कचरा समजला जाई. १९८३ साली मॉन्ट्रियलला रोझ जॉनस्टोन यांच्या प्रयोगशाळेत मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशींवर काम चाललं होतं. पेशी मोठी होताना नको असलेलं प्रथिन अशा पिशव्यांतून बाहेर टाकते, असं तिथे दिसलं. पुढे २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की या पिशव्यांत आरएनए असतो आणि दुसरी पेशी तो वाचून प्रथिन बनवू शकते. म्हणजे ज्याला कचरा म्हटलं, ते टपाल निघालं!

स्त्रीच्या शरीरात हे टपाल जागोजागी चालतं. बीजांडाभोवतीच्या द्रवात, गर्भनलिकेत, गर्भाशयात या पिशव्या सापडतात. गरोदरपणात वार, म्हणजे प्लासेंटा, त्या आईच्या रक्तात सोडते. त्यांच्यावर वारेचं खास प्रथिन असतं, म्हणून त्या कुठून आल्या ते ओळखता येतं. प्रीएक्लाम्पसिया या आजारात विसाव्या आठवड्यानंतर आईचं ब्लडप्रेशर वाढतं, झटके येऊ शकतात, दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. अशा वेळी रक्तातल्या या पिशव्यांची संख्या आणि आतला माल बदललेला आढळतो. हा बदल लवकर वाचता आला तर धोका आधीच कळेल.

एंडोमेट्रिओसिसचंही तसंच. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो. दहांतल्या साधारण एकीला हा त्रास असतो. पण ‘पाळीत दुखायचंच’ म्हणत वर्षं जातात आणि खात्रीसाठी बऱ्याचदा दुर्बिणीचं ऑपरेशन करावं लागतं. रक्ताच्या थेंबावर निदान झालं तर किती बरं!

मग घोडं अडलं कुठे? आपल्याच प्रांतात! या पिशव्या वेगळ्या करायला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट बल निर्माण करणारं सेंट्रिफ्यूज लागतं. त्यातूनही त्याच आकाराचे चरबीचे कण सोबत येतात. स्वस्त, चटकन चाळणारी मायक्रोफ्लुइडिक चिप बनवणं हे मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि केमिकलवाल्यांचं काम आहे. फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनी विचार करावा.

रोजच्या तपासणीत अशी टेस्ट अजून आलेली नाही. तोवर घरात कोणी गरोदर असेल तर तिचं बीपी वेळेवर तपासलं जातंय ना, हे विचारा. आणि रूममेट दर महिन्याला दुखण्याने लेक्चर बुडवत असेल, तर तिला ‘सहन कर’ म्हणू नका, डॉक्टरकडे घेऊन जा.