पुराचे दिवस आणि मेलची मुदत

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. अशा पुरात तळमजल्यावरचा एखाद्या संस्थेचा मेल सर्व्हर बंद पडला, तर बाहेरून तिला येणाऱ्या मेलचं काय होतं?

तो लगेच हरवत नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर तो आपल्याकडच्या रांगेत ठेवतो आणि काही काळाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या जगभर वापरल्या जाणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, कुणी बदल केला नसेल तर, ही मुदत पाच दिवसांची असते. ती संपली की मेल ‘पोहोचला नाही’ या शेऱ्यासह परत जातो. तोवर पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण उशिराची सूचना देणारी सेटिंग मुळात बंद असते. हळदीच्या सौद्याची कागदपत्रं पाठवून व्यापारी पाच दिवस निर्धास्त बसलेला असतो.

यंत्र बिघडलं किंवा लाइन तुटली, तर पाच दिवस पुष्कळ झाले. महापुराचं तसं नाही. पाणी ओसरायचं, गाळ काढायचा, वायरिंग वाळायची, मग वीज यायची. त्यातच ही मुदत पाठवणाऱ्याच्या हातात असते. सांगलीतल्या संस्थेने आपल्या पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये ती कितीही वाढवली, तरी मुंबईहून निघालेला मेल मुंबईच्याच मुदतीने चालणार.

म्हणून दुसरा सर्व्हर हवा, आणि तो सांगलीच्या पुरापासून दूर, उंचावर हवा. सांगलीकरांना सातारा शहर त्यासाठी सोयीचं आहे. डीएनएसमध्ये त्याची दुय्यम एमएक्स, म्हणजे पर्यायी मेल सर्व्हर, म्हणून नोंद केली, की मुख्य सर्व्हर गप्प असताना मेल साताऱ्यात येऊन थांबतो. इथली मुदत आपली. ‘मॅक्सिमल क्यू लाइफटाइम’ पाचाऐवजी पंधरा दिवस करा. ‘रिले डोमेन्स’मध्ये संस्थेचं डोमेन लिहा आणि ‘रिले रेसिपियंट मॅप्स’मध्ये खऱ्या पत्त्यांची यादी द्या. ही यादी करायचा कंटाळा महागात पडतो. यादी नसली की दुय्यम सर्व्हर बनावट पत्त्यांवरचा कचराही घेतो, मुख्य सर्व्हर तो नाकारतो, मग परतीचे मेल भलत्याच लोकांना जातात आणि आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जातो.

मेलच्या आकाराची मर्यादाही दोन्हीकडे सारखी ठेवा. पोस्टफिक्समध्ये ती मुळात सुमारे 10 एमबी असते, पण जोडलेली फाइल पाठवताना एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे 8 एमबीचं स्कॅनही अडतं.

सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, जपण्याची मुदत वेगळीच. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपायचे आहेत. अनेक लिनक्स प्रणालींवर मात्र जुने लॉग चार आठवड्यांनी पुसले जातात. ही सेटिंग न बदलणं म्हणजे सरळ हलगर्जीपणा.

यंदा कोयना धरणातून विसर्ग सुरू होण्याआधी, जूनच्या आतच, एक चाचणी घ्या. सुट्टीच्या दिवशी मुख्य सर्व्हर तासभर बंद ठेवा, बाहेरच्या खात्यावरून संस्थेच्या पत्त्यावर मेल पाठवा आणि साताऱ्याच्या सर्व्हरवर ‘मेलक्यू’ आज्ञा देऊन तो रांगेत दिसतो का, ते पाहा.